दिंडीची रांग आणि पुराचे पाणी

(शतकमहोत्सवी सप्ताहात दिंडीच्या स्वयंसेवक मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



कीर्तनाच्या आधीचा थोडा वेळ आम्हाला मिळाला आहे. आम्ही काही कीर्तनकार नाही. आमच्यातले निम्मे लोक वारीत ट्रकवर असतात, तंबू ठोकतात, पाण्याच्या टँकरमागे पळतात, उरलेले भाकरीच्या चुलीपाशी. तेव्हा निरूपणाची अपेक्षा ठेवू नका. पुराबद्दल बोलायचे आहे, आणि उद्याच्या बैठकीत वर्गणीचा जो विषय निघणार आहे त्याबद्दलही. तो विषय आधी उघडपणे मांडावा म्हणूनच हा वेळ मागून घेतला.

आपले गाव कृष्णाकाठचे. पूर आपल्याला नवा नाही. २००५ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा म्हातारी माणसे म्हणाली, एवढे पाणी आता पुन्हा दिसायचे नाही. २०१९ च्या ऑगस्टात तेच पाणी ५७ फुटांवर गेले. मग दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. त्या पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. पूल १९२९ चा, म्हणजे आपल्या दिंडीच्याच वयाचा म्हणा ना. त्याने जे पाहिले ते आपल्या दिंडीनेही पाहिले.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्याकडे पुष्कळांनी याचा अर्थ असा धरला की एकदा मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निवांत. तसे नाही माउली. दरवर्षी शंभरात एक एवढी ती शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी यायचा नाही असा काही करार नदीने कुणाशी केलेला नाही. फासा दरवर्षी नव्याने पडतो. त्यात महाबळेश्वर, नवजा, कोयना या बाजूला आठ-आठ दिवस धो धो कोसळतो, १०५ टीएमसीचे कोयना धरण भरत येते, तिकडचे पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येते, खाली वारणा येऊन मिळते, आणि पुढे पंचगंगेचीही तीच तऱ्हा असते. चहूकडून पाहुणे एकाच दिवशी घरी आले तर घराचे जे होते ते नदीचे होते.

२०१९ ला आषाढी १२ जुलैला झाली. आपली दिंडी पंढरपूरहून परत आली, ट्रकमधले सामान उतरवले, तंबू वाळवून घडी घालून मंदिराच्या माळ्यावर टाकले. चार आठवडे होत नाहीत तोवर, नागपंचमीच्या सुमारास, पाणी वेशीत. तेव्हा गावाची कसली समिती नव्हती, बोट नव्हती, कुणाला प्रशिक्षण नव्हते. गावात एकच गोष्ट तयार होती. शेकडो माणसे घेऊन रोज नव्या जागी मुक्काम करायची सवय असलेली माणसे. नुकतीच वारी करून आलेली, पाय अजून दुखत असलेली.

सरकारी यंत्रणा येण्याआधीच्या त्या दीड-दोन दिवसांत गाव ज्याने निभावले तो आपला वारीचा रिवाज. कुणी शूरपणा केला म्हणून नव्हे. वारीत आपण काय करतो बघा. झेंडेकरी पुढे, मागे टाळकरी, मृदंग, विणा, त्यामागे तुळस आणि हंडेवाल्या बाया. प्रत्येकाला आपली जागा माहीत. संध्याकाळी मुक्कामावर प्रत्येक रांगेचा प्रमुख आपली माणसे मोजतो. एक कमी असला तर सापडेपर्यंत जेवण होत नाही. भिशीची वही असते, तीत कोण आला, कुठल्या गावचा, घरचा फोन कोणता, साखरेचा त्रास कुणाला, सगळे लिहिलेले. त्या दिवशी आपल्या आक्कांनी तीच वही उघडली आणि गल्लीगल्लीने माणसे मोजायला घेतली. गावातला माणूस दिंडीत नसला तरी त्याच्या शेजारचा होता.

मोजणी का महत्त्वाची हे सांगताना मन जड होते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसे काढताना बोट उलटली आणि आपल्याच आया-बहिणी, लेकरे गेली. त्या गावाने काय सोसले ते त्या गावालाच ठाऊक. बाहेरून कुणी त्यावर न्यायनिवाडा करू नये. आम्ही त्यातून एवढेच घेतले की बोटीत पाय ठेवण्याआधी माणसे मोजायची, जाकीट असल्याशिवाय कुणाला बसवायचे नाही, आणि ‘माझ्या पोराला एवढं घ्या’ म्हणून माय रडत असली तरी मोजणीवाल्याने हात आडवा धरायचा. हे काम कठीण आहे. त्याला चोपदारासारखाच माणूस लागतो, ज्याचा शब्द गाव मानते.

चोपदाराचे नाव निघाले म्हणून समाज आरतीचे सांगतो. नव्या पोरांना वाटते ती फक्त आरती. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड वर करून हाळी देतात आणि लाखभर माणूस गप्प होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा देतात. मग हरवल्या-सापडल्याचे वाचन होते, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि मगच आरती. बारकाईने पाहिले तर ही रोजची आपत्ती-बैठकच आहे. तक्रार दाबायची नाही, तक्रारवाल्याला शोधत जायचे.

आपण शाळेच्या माळावर हेच केले. पुराचे सहा दिवस रोज संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवले. भजन झाले की विचारायचे, कुणाचे टाळ वाजतायत? पहिल्या संध्याकाळी कुणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीतली एक आजी उठली आणि म्हणाली, “आमच्याकडं दूध येतंय शेवटाला, तवर लेकरं झोपत्यात.” दुसऱ्या दिवसापासून दूध खालच्या वस्तीकडून वाटायला सुरुवात झाली. छोटी गोष्ट. पण ती आजी उठली नसती, तर पूर ओसरल्यावर तो राग गावात राहिला असता, आणि पाण्यापेक्षा तो जास्त दिवस टिकतो.

भाड्याने राहणाऱ्या घरांचेही तसेच. पंचनामे सुरू झाले तेव्हा ज्यांचे नाव घरपट्टीच्या उताऱ्यावर नाही त्यांची भांडीकुंडी वाहून गेली तरी यादीत नाव येईना. एका कार्यालयात आपल्या लोकांना चार चकरा मारायला लावल्या, ते आठवले की अजून अंगाचा तिळपापड होतो. शेवटी कामाला आली ती आक्कांची वही. कोण कुठल्या खोलीत राहत होते, किती माणसे, कोणत्या दिवशी बाहेर काढले, तारखेसकट. सरपंच आणि तलाठी यांनी ती वही समोर ठेवून घरोघरी फिरून खातरजमा केली आणि यादी दुरुस्त झाली. तलाठी भाऊसाहेबांचे इथे आभार मानलेच पाहिजेत. कार्यालय एक असते आणि त्यात बसलेला माणूस एक असतो.

आता बाहेरून आलेल्या मदतीबद्दल. लष्कर, नौदल, एनडीआरएफ यांचे जवान आले, त्यांचे ऋण फिटणार नाही. डॉक्टर आले, लेप्टोच्या गोळ्या दिल्या. पशुवैद्यकीय पथक आले. पुष्कळांनी पुष्कळ दिले. पण खरे सांगायचे तर सगळी मदत सारखी नसते. जुन्या कपड्यांचे ढीग आले, त्यात टाचेच्या चपला आणि लग्नातले फाटके शालू. आमच्या बाया म्हणाल्या, आम्ही पुरात बुडालोय, वरातीला नाही चाललो. ते कपडे निवडायलाच आमची वीस माणसे चार दिवस गुंतली, जेव्हा घराघरांत गुडघाभर गाळ होता. गावाला तेव्हा हवे होते खराटे, फावडी, फिनेल, टीसीएल पावडर, पाणी उपसायचे पंप आणि ओला-सुका चारा. काही मंडळी पाकिटे वाटायच्या आधी फोटो काढत होती. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही.

याउलट आटपाडी भागातल्या एका दिंडीचे सांगतो. आपल्या तंबूशेजारी त्यांचा तंबू, कित्येक वर्षांचा शेजार. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे प्यायला पाणी नव्हते, जनावरे छावणीत होती. तेव्हा आपण उसाचे वाडे भरून ट्रक धाडले होते. गावात कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. ऑगस्टात आपण बुडालो तेव्हा न बोलावता त्यांचा टेम्पो आला. त्यात कडबा, चटणी, आणि कापडात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, चार-चार दिवस टिकणाऱ्या. सोबत पंधरा माणसे खराटे-फावडी घेऊन आली आणि आठ दिवस आपल्या घरांतला गाळ काढून गेली. त्यांनी विचारले एवढेच, “काय पाहिजे ते सांगा, आणि नको ते बी सांगा.” भागीदार म्हणावा तर असा. जो आधीपासून ओळखतो आणि नंतरही येत राहतो.

आपल्या वारीची रचनाच भागीदारीवर उभी आहे, हे विसरून चालायचे नाही. आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त घालून दिली. ते एकटे नव्हते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, आणि आजही माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात. अंकली कुठे आहे? आपल्याच कृष्णेच्या काठी, खाली बेळगाव जिल्ह्यात. एकाकडे भक्ती आणि शिस्त, दुसऱ्याकडे साधने. दोघे एकत्र आले आणि पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ टिकले.

बाहेरची दोन उदाहरणे आम्ही मुद्दाम अभ्यासली. पहिले किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. जाड दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद, हजारो माणसे त्याखाली गेली. त्यानंतर घरे पुन्हा बांधायच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातल्या साध्या बायांना पुढे केले. त्यांना संवाद सहायक म्हणत. कोणत्या घराला काय मजबुती हवी, सरकारची योजना काय, मिस्त्री काम नीट करतो का, हे त्या दारोदार जाऊन बघत आणि सांगत. पुढे २००१ ला भुजला भूकंप झाला तेव्हा याच लातूर-धाराशिवकडच्या बाया कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायांना म्हणाल्या, आम्ही यातून गेलोय. भाषा एक नव्हती. तरी कामाचे बोलणे झाले. मदत घेणाऱ्याने मदत करणारा व्हावे यासाठी पंधरा-वीस वर्षे लागत नाहीत, संधी द्यावी लागते.

दुसरे माळीणचे. आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरच्या बाजूला, ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि गावच्या गाव गाडले गेले. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळले ते एसटीच्या चालकामुळे. रोजची गाडी घेऊन आला, बघतो तर गाव जागेवर नाही. तिथले पाणी घोड नदीने भीमेला आणि तिथून आपल्या चंद्रभागेला येते, म्हणजे ते गाव आपल्यालाही परके नाही. आम्ही त्यावरून एक शिकलो. गावावर रोज नजर असणारा माणूस कोण, याची यादी हवी. एसटीवाला, दूध डेअरीची गाडी, पोस्टमन, आशाताई, वायरमन. आपण या सगळ्यांचे फोन घेऊन मंदिरातल्या फळ्यावर लिहिले आहेत, आणि त्यांच्याकडेही आपले आहेत. सोबत १०७७ जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १९६२ जनावरांच्या डॉक्टरांचा.

२०२१ ला याचा उपयोग झाला. त्या वर्षी कोरोनामुळे पायी वारी नव्हती, पादुका एसटीने गेल्या, आपण घरीच एकादशी केली. २० जुलैला आषाढी, आणि दोन दिवसांत पाऊस असा लागला की पुन्हा तीच वेळ. पण या खेपेला पुलाचे पाणी चाळीसवर गेल्याचे कळताच मंदिराचा भोंगा वाजला. आधी म्हातारी-कोतारी, बाळंतिणी आणि जनावरे हलवली. जनावरांचे महत्त्व शहरातल्या माणसाला कळत नाही. “म्हसरं सोडून आमी कुठं जायाचं?” असे म्हणून माणूस घरातच थांबतो आणि मग बोट लागते. म्हणून म्हशींची जागा आधी ठरवली, माणसे आपोआप मागे आली. रेशनकार्ड, सातबारा, पासबुक, आधार प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी बांधायची सवय महिला मंडळाने घरोघर लावली होती. गावातली चौदा पोरे-पोरी तेव्हा या कामाला होती. पुढे त्यातल्या काहींनी ‘आपदा मित्र’चे बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतले.

आता ती चौदा किती उरली ते विचारा. पाच. बाकीची पुण्याला, चाकणला, हिंजवडीला. पोटासाठी गेली, त्यांना बोल नाही. पण पुढचा पूर आला की हाताशी कोण, हा प्रश्न आम्हाला रात्री झोपू देत नाही. आमचे वय झाले आहे. पोहता येणारे तिघे साठी ओलांडलेले आहेत.

तर आता वर्गणी. शतकमहोत्सवाला गावाने आणि बाहेरगावच्या भाविकांनी जी वर्गणी दिली, तीतून विठ्ठल-रखुमाईची चांदीची प्रभावळ करावी असे एक मत आहे. ते मांडणारी माणसे आमच्यासाठी वडिलांच्या ठिकाणी आहेत. त्यांच्यातले एक बुवा आम्हाला स्पष्ट म्हणाले, “पोरांनो, दिंडी भजनासाठी हाय. बोटी चालवायला सरकार हाय.” त्यांच्या बोलण्यात खोट नाही. भजन बंद पडले तर आपल्यात आणि एखाद्या मंडळात फरक काय उरला? २०१९ ला माळावर सहा दिवस लोक सैरभैर झाले नाहीत याचे मोठे कारण रोजचा हरिपाठ हेच होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पण आमचे म्हणणे असे. मंदिरामागची धर्मशाळा २०१९ ला छातीपर्यंत बुडाली. तिच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे, रंग दिला तरी वर येते. त्या खुणेच्या वर एक पक्का मजला चढवावा. वारीच्या काळात तिथे दिंडीचे सामान राहील, सप्ताहाला पंगत बसेल, आणि पाणी आले तर खालच्या वस्तीची माणसे पहिल्या रात्री तिथे येतील. शेजारी जिना बाहेरून, रुंद, म्हाताऱ्याला काठी टेकत चढता येईल असा. बोट विकत घेऊ नये असे आमचे ठाम मत आहे. वर्षभर पडून राहिलेली बोट आणि वापरात नसलेले इंजिन ऐनवेळी दगा देते. बोट सरकारची आणि प्रशिक्षित माणसांचीच असू द्यावी. आपण जागा, माणसे आणि वही सांभाळावी. प्रभावळही व्हावी, थोडी साधी व्हावी. दोन्ही जमेल असा हिशेब आम्ही मिस्त्रीकडून आणि सोनाराकडून घेतला आहे, उद्या वाचून दाखवू. ज्यांचा विरोध असेल त्यांनी टाळ वाजवत राहावेत. आम्ही तिकडे येऊ.

आणखी एक. यंदा वारीत रोजच्या मुक्कामाला अर्धा तास नव्या पोरांना बरोबर घेऊन रांग मोजायला, नोंद ठेवायला आणि प्रथमोपचाराला लावायचे ठरले आहे. पुण्याहून सुट्टी काढून चार दिवस येणारेही चालतील. ज्यांना यायचे त्यांनी आज पंगतीनंतर मागच्या ओसरीवर आक्कांकडे नाव द्यावे. सोबत रक्तगट, घरचा फोन आणि पोहता येते की नाही तेवढे सांगावे. नाही येत म्हणायला लाजू नका. नदीच्या उथळ अंगाला, पाणी उतरले की, शिकवायची सोय केली आहे.

मृदंगावर थाप पडायला लागली, बुवा तयार झालेत. आम्ही थांबतो.

राम कृष्ण हरी.